सैतानाचे पाय

आमच्या सैतानाला टीव्हीवर नोकरी मिळाली, त्याची खरी किंमत दोन लाकडी पाय आणि एक सख्खा भाऊ.

हे ध्यानात ठेवून मी, वेंडेलीन ह्रूबेश, धंदा कळसूत्री बाहुल्यांचा, राहणार पोलिच्का, हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी छाती दगा देते, डोकं देत नाही. कोणी धाकदपटशा केलेला नाही. माझ्यावर तो चालतही नाही.

१. राहतं घर स्वकष्टार्जित आहे. ते मुलगी रादमिला हिला. परसातल्या आलुबुखारांची दारू दरवर्षी गाळून आणावी. शेजारच्या कोपेत्स्काबाईंना देऊ नये. त्या ‘औषधापुरती’ म्हणून नेतात आणि बाटलीही परत करत नाहीत.

२. पटाशा आणि कोरायचं लाकूडही रादमिलालाच; घराण्याचं थिएटर आता तीच चालवते. टीव्हीवाल्यांचं पदक धाकटा भाऊ ओताकर याला. तो ते दाराच्या फटीत खुपसेल, हे ठाऊक असूनच देत आहे.

३. सैतान. हा बाहुला आमच्या आजोबांनी कोरला. स्टुडिओत त्याच्या पायांची खटखट माइकमध्ये शिरायची. दिग्दर्शक म्हणाला, “चित्रात कमरेखालचं येतच नाही, पाय हवेत कशाला?” मी काढले. ओताकरने ते उचलले. “धड तुझं, पाय घराण्याचे,” म्हणाला. मग देशभरची मुलं माझ्या सैतानाचा आवाज ऐकून झोपू लागली आणि भाऊ बोलेनासा झाला.

आता बिनपायांचा सैतान रंगमंचावर नेता येत नाही आणि त्याच्याशिवाय रादमिलाचे खेळ रिकामे जातात. थिएटरला कुलूप लावते म्हणते. काकाकडे पाय मागायला गेली, तर उत्तर आलं, “बापाला पाठव.” मी गेलो नाही. आजोबा म्हणत, तरंगणारी बाहुली म्हणजे दोरीवरचा सदरा. पाऊल भुईवर दाबून पडलं पाहिजे. आणि असं ठाम पाऊल बोहेमियात माझ्याइतकं कोणी टाकवलेलं नाही. मी कोणापुढे हात का पसरावा?

४. हे कलम आधी असं होतं: धड संग्रहालयाला, काचेच्या पेटीखाली पाटी, ‘पाय ओताकर ह्रूबेश यांनी दिले नाहीत.’ आज साक्षीदारांसमोर मी ते मोठ्याने वाचलं. ओताकरला बोलावणं धाडलं होतं. टोपी न काढता बसला होता.

“नाव तरी बरोबर लिहिलंस,” तो म्हणाला आणि कोटाच्या दोन खिशांतून दोन पाय काढले. रादमिलाने ते तारेने जोडले.

“घे, वेंडा. टेबलाच्या त्या टोकापर्यंत ने. चालला, तर मी मुकाट्याने घरी जातो.”

“आणि नाही चालला तर?”

“तर तू तोंड मिटायचंस. पोरीला मी शिकवणार.”

“काका, खरंच?” रादमिलाने विचारलं.

“आधी याचं होऊ दे.”

मी सैतान चालवला. त्यानंतर कलम बदललं ते असं: सैतान धडापायांसकट रादमिलाला. तो चालवायचा कसा हे ओताकर शिकवील. शिकवताना शिव्या देईल. त्या तिने ऐकून घ्याव्यात. संग्रहालयाला काही नाही.

ठिकाण: पोलिच्का. १४ नोव्हेंबर २००९.
सही: वेंडेलीन ह्रूबेश

साक्षीदार: मिलाडा श्विहोवा, निवृत्त परिचारिका; झ्बिनेक कुत्नार, पोस्टमन.
वरील मजकूर लिहिणाऱ्याने आमच्यादेखत वाचला व सही केली. सैतानही आमच्यादेखत टेबलावरून नेला. त्याचे पाय टेबलाला एकदाही टेकले नाहीत.