भट्टीच्या पेटीवर शिंपडलेले नारळपाणी

मी, इंद्रभान कडूबा दांडगे, वय ६३, मूळ हसनाबाद, हल्ली जालना, डोके ठिकाणावर असताना व कोणाची बळजबरी नसताना लिहून ठेवतो ते असे :

१. जालन्याचे दोन खोल्यांचे घर व बँकेतील ठेव पत्नी जयवंताबाईस. हसनाबादची दीड एकर मुलगा राधाकिसन याची. आई हयात असेपर्यंत त्याने घर विकण्याची भाषा काढू नये.

२. पाने, ड्रिल व वेल्डिंगचा संच शेजारी साहेबराव यास. माझी शिडी त्याने सात वर्षांपूर्वी नेली, तीही आता त्याचीच समजावी. मागून मागून मी थकलो.

३. पेटी. रोलिंग मिलच्या भट्टीवर मी एकवीस वर्षे काढली. तेल पुरते न जळता काळा धूर होऊन जायचे, ते बघवेना म्हणून ट्रंकेएवढी पेटी बनवली. तिच्यातले पांढरे दाणे हवेतला नायट्रोजन धरून ठेवत आणि जास्त प्राणवायूची हवा भट्टीला देत. उन्हाळ्यात कमी तेलात तेवढीच आच मिळाली. दाण्यांना ओल मात्र बिलकुल सोसत नसे.

१९९८ च्या श्रावणात मालकांसमोर चाचणी ठरली. जयवंताबाईने पेटीला कुंकू लावले, नारळ फोडून पाणी शिंपडले. पेटी चालली नाही. पन्नास माणसांत मी ओरडलो, "तुझ्या पाण्यानं वाटोळं केलं माझं!" त्यानंतर तिने कुठल्याच कार्यात नारळाला हात लावला नाही. राधाकिसनच्या लग्नातही नाही.

४. आता खरे. आदल्या दिवशी झाकण मीच उघडे टाकून घरी गेलो होतो. पावसाळी हवेने दाणे ओले झाले. सकाळी जयवंताबाई यायच्या आधी पेटी लावून पाहिली, तेव्हाच ती बंद पडलेली होती. तसे सांगायची लाज वाटली आणि नारळाचे निमित्त आयते मिळाले. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात, मी तर अंगणाला चारचौघांत शिव्या दिल्या. सहा वर्षे हे ओठांपर्यंत येते आणि मागे जाते. माझ्याने होत नाही.

म्हणून हे कलम, मी सांगतो ते लिहून घेणाऱ्या बद्रीनाथने माझ्या तेराव्याला, मिलच्या माणसांसमोर, तिला पुढे बसवून मोठ्याने वाचावे. पेटी भंगारात द्यावी.

हे सांगत असताना ती चहा घेऊन आली. तिला वाचता येत नाही. घर तुझ्या नावावर करतोय, एवढेच मी बोललो. ती म्हणाली, "मला काहून ठिवून राह्यले? माझ्याच हातानं तुमच्या पेटीचं वाटोळं झाल्तं. मला काही नका ठिवू."

बद्रीनाथचा पेन थांबला. मी म्हणालो, "चहात साखर कमी पडली." ती साखर आणायला आत गेली.

सही : इंद्रभान कडूबा दांडगे
लिहिणार व साक्षीदार : बद्रीनाथ गाढे
साक्षीदार : रखमाजी साबळे
जालना, दि. १२ ऑगस्ट २००४