पहिली सुई आईच्या कपाळावर

आई,

खुर्चीतच तुझा डोळा लागलाय, म्हणून उठवत नाही. दवाखान्यात परत जातेय. जाग आली तरी पलंगावर आडवी होऊ नकोस, संध्याकाळपर्यंत बसूनच राहा. कपाळ अजिबात चोळायचं नाही. सुरकुत्या घालवायच्या सुया टोचल्या तिथे बारीक टेंगळं आली होती, ती केव्हाच बसली. एखादा निळा डाग उमटेल, डोकं जरा ठणकेल, तेवढं चालतं. पण पुढच्या काही दिवसांत पापणी खाली उतरल्यासारखी वाटली, तर लगेच मला सांग.

आणि शेजारच्या काकूंना आजच कपाळ दाखवायला जाऊ नकोस! सुरकुत्या लगेच जात नाहीत. तीन-चार दिवसांनी फरक दिसायला लागेल, पुरता दिसायला दोन आठवडे जातील. तोवर माझी लाज राख.

"सुया टोचणं ही कसली डॉक्टरकी?" असं परवा जेवताना बाबा म्हणाले, तेव्हा तू नुसती भात वाढत राहिलीस. मला फार लागलं होतं ते. आणि आज दवाखान्यात सगळ्यांच्या देखत माझ्यासमोर येऊन बसलीस नि म्हणालीस, "हिची पहिली सुई माझ्या कपाळावर." मग मी हातमोजे चढवले नि सुई उचलली.

जाता जाता एक गंमत. बाबा आत्ता आरशासमोर दोन्ही हातांनी कपाळ ताणून बघत होते. मी दिसताच म्हणाले, "आरसा पुसतोय."

त्यांना सांग, आधी नंबर लावावा लागतो.

तुझी डॉक्टर