चोविसावी सुई

वागळे इस्टेट, ठाणे
१७ एप्रिल २०२५

ती. मालनआत्यास,
समीक्षाचा सा. न. वि. वि.

इकडे कामाला येणाऱ्या सुशांतदादाच्या डब्याच्या पिशवीत हे पत्र टाकतेय. फोनवर मी ओरडते आणि तुला ऐकू न येता तू नुसतं हो हो करतेस, त्यापेक्षा हे बरं. शिवाय हे रूममेटला कळायला नको. तू पंचवीस वर्षं तुरुंगात नोकरी केलीयस, तुलाच सांगू शकते.

आत्या, दमलेय गं. काल आमच्या महिला विभागात सुई हरवली. हसू नकोस. शिवणखोलीत हातशिलाईच्या चोवीस सुया, रोज संध्याकाळी मोजून पेटीत बंद करतो आणि मगच बायका बराकीत जातात. काल तेवीसच भरल्या. तीनदा मोजल्या. मग काय, साठ बायका अंगणात रांगेत, एकेकीची झडती, वेण्या सोडून, चपला उलट्या करून. जेवण दोन तास उशिरा. एकीचं तान्हं रडून रडून तिच्या खांद्यावरच झोपलं. सुई नाही ती नाहीच. कुणी गिळली, कुणी कुणाच्या डोळ्यात घातली, तर जबाबदार मी.

शेवटची सुई आवडाबाईंच्या हातात होती. दिवा स्टेशनकडच्या गावातल्या आहेत, साठीच्या, जमिनीच्या भांडणात दीर मारला गेला त्यात जन्मठेप. शिवणखोली त्याच सांभाळतात. काल माझ्या शर्टाचं बटण लोंबत होतं, तर म्हणाल्या, थांबा, लावून देते. अंगावरच्या कपड्याला टाका घालू नये म्हणतात, म्हणून माझ्या दातांत दोरा धरायला लावला. बटण लागतंय तोवर बाहेर नळावर दोघींची जुंपली, मी पळाले. परत आले तर एक सुई कमी.

मी विचारलं तर सगळ्यांसमोर म्हणतात, मॅडम, आधी तुमची कॉलर बघा. असं डोकं फिरलं माझं! कैदी बाई मला झडती द्यायला सांगते? मी अहवालात लिहून टाकलं, सुई पेटीत परत ठेवताना मी पाहिली, नंतर आवडाबाईंनी लपवल्याचा दाट संशय. आज त्यांची एकवीस दिवसांची रजा रद्द झाली. ८ मेला नातीचं लग्न आहे, समृद्धीचं, त्यासाठीच मिळालेली. वाईट वाटतं, पण नियम तो नियम.

गुडघ्यांना तेल लाव. माझ्यावर रागावू नकोस, आणि माया आहे तश्शी असू दे.

तुझी
समी


कोपर, डोंबिवली पश्चिम
१९ एप्रिल २०२५

चि. समीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. सुशांतने डब्यातल्या भाजीचं तेल त्याला लावून आणलं, पण वाचता आलं. मी हसले नाही. सुई हरवलेली संध्याकाळ मी चारदा काढलीय. घरी आल्यावर पोळीचा घास गिळवत नसे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नळावरचं भांडण, तान्हं बाळ, साठ वेण्या, सगळं लिहिलंस. एक गोष्ट नाही लिहिलीस. कॉलर पाहिलीस का?

आमच्या वरिष्ठ सुभेदारीणबाईंनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. काही हरवलं की आधी विचारायचं, शेवटचं काम कुणाच्या अंगावर झालं. मग झडती वरून सुरू करायची, आपल्यापासून. बायका बघत असतात. आपण हात वर केले की त्या निमूट करतात. तुम्हां शिकलेल्या पोरींना आता संगणकावर शिकवतात, त्यात हे नसेल.

आणि एक विचारते. पेटीत ठेवताना पाहिली असं लिहिलंस, तू तर नळावर होतीस ना गं?

जेवत जा वेळेवर. चहा-बिस्किटावर वर्दी पेलवत नाही. तुझ्या खुशालीची वाट बघणारी,

मालनआत्या


ठाणे
२३ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तूसुद्धा ना! पाहिली गं कॉलर. त्या दिवशीच घरी येऊन हात फिरवला, काही नव्हतं. आणि सुई नाही पाहिली मी पेटीत जाताना, पण आवडाबाई रोज न चुकता ठेवतात, त्या दिवशीही ठेवलीच असणार असं वाटलं. अहवालात वाटलं असं लिहिता येत नाही. अधीक्षक साहेब तासाभरात कागद मागत होते. जूनमध्ये माझी परिवीक्षा संपतेय, तोवर एक शेरा जरी पडला ना, की कायम व्हायचं लांबलं. बाबांना काय तोंड दाखवू?

आवडाबाईंना शिवणखोलीतून काढलंय. त्या भांडत नाहीत, रडत नाहीत. बराकीच्या भिंतीला टेकून बसतात आणि मी गेले की उठून उभ्या राहतात, नियमाप्रमाणे. त्याचाच मला जास्त त्रास होतोय.

तीन खाकी शर्ट पाठवतेय, धुतलेले. अंगात ढगळ होतायत, कमरेत आत घे. बारीक झालेय म्हणून ओरडायचं तर रविवारी ओरड, पत्रात नको. लोभ कमी करू नकोस.

तुझी
समी


कोपर
२५ एप्रिल २०२५

चि. समीस,
अनेक आशीर्वाद.

आज दुपारी मशीनवर बसले. दुसरा शर्ट उलटा केला, आणि अंगठ्यात कच्चकन घुसली.

कॉलरच्या खालच्या घडीत, मानेच्या मागे, कापडाला समांतर टोचलेली आहे. वरून हात फिरवून कळणारच नाही. दोरा अजून ओवलेला आहे, खाकी, वीतभर. एक धुणं पडल्यामुळे गंज धरलाय आणि कापडावर तांबडा डाग पडलाय. बटणाला दोरा कमी पडला असेल, दुसरा आणेपर्यंत तिने तिथे टोचून ठेवली, जशी आपण घरात पोरांच्या कपड्याला टोचून ठेवतो. आणि तू पळालीस.

अंगठ्याला हळद लावली. माझा राग तुझ्या विसरण्यावर नाही गं. भांडण सोडवायला धावलीस ते बरोबरच केलंस. पण ती बाई खरं सांगत होती आणि तू न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिलंस. याचं मला फार वाईट वाटलं. माझ्या हाताखाली वाढलेली पोर तू.

सुई जिथे होती तिथेच ठेवलीय, हलवली नाही. शर्ट वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवतेय. कमरेत आत घेतलेला नाही. पुढचं तू ठरव.

सांभाळून उघड.

आत्या


ठाणे
२९ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सा. न.

चार दिवस शर्ट पलंगाखाली आहे. पार थकले.

आमच्या एका सीनियर मॅडमना नाव न घेता विचारलं, अशी वस्तू नंतर सापडली तर काय करायचं. त्या म्हणाल्या, शिवणखोलीत मशीनच्या पायाशी टाकून द्यायची आणि झाडताना सापडली म्हणायचं. म्हणजे संशय जातो, रजा पुन्हा मिळते, कुणाचंच काही बिघडत नाही. आत्या, हे किती सोपं आहे! आवडाबाई लग्नाला जातील, मी जूनमध्ये कायम होईन. खरं लिहिलं तर खोटा अहवाल दिला म्हणून चौकशी लागेल. शिवाय सुई बाहेर नेली तीही मीच.

तू काय केलं असतंस? खरं सांग, उपदेश नको.

समी


कोपर
३० एप्रिल २०२५

चि. समीस,
अ. उ. आ.

उपदेश नको म्हणालीस, मग नाही करत. मी काय केलं असतं ते मलाही माहीत नाही. तिशीत असते तर कदाचित मशीनच्या पायाशीच टाकली असती. नोकरी कुणाला नको असते?

पण ती सुई आत न्यायची कशी, याचा विचार केलास का? गेटवर तुझी झडती होते. म्हणजे चोरून न्यावी लागेल. ज्या गोष्टीसाठी साठ बायकांच्या वेण्या सोडल्यास, तीच तू करणार.

मी कुणाला बोलणार नाही, तुझ्या बापालाही नाही. पण तो शर्ट मात्र माझ्याकडे परत पाठवू नकोस. माझ्याने त्याला हात लावणं व्हायचं नाही. तू काहीही केलंस तरी रविवारी जेवायला ये. सोलकढी करते. तेवढा हक्क दोघींनीही सोडायचा नाही.

आत्या


ठाणे
५ जून २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रविवारी तू काही विचारलं नाहीस आणि मीही काही बोलले नाही. दर वेळी तसंच. सगळं संपल्यावरच लिहायचं ठरवलेलं.

२ मेला गेटवर शर्ट टेबलावर ठेवला आणि सुईची नोंद करायला लावली. त्याच दिवशी दुसरा अहवाल दिला, सगळं खरं. साहेब म्हणाले, मिटलेलं प्रकरण उकरायची काय गरज होती. चौकशी लागली. परिवीक्षा एक वर्ष वाढली. बाबा अजून नीट बोलत नाहीत.

रजेचा कागद मी स्वतः टेबलाटेबलावर फिरवला. एक साहेब सुट्टीवर, एक सही राहिलेली. मंजुरी आली १२ मेला. लग्न ८ ला होऊन गेलं, आत्या. चार दिवसांनी चुकलं. तेवढे दिवस तर शर्ट नुसता माझ्या पलंगाखाली होता, हे फक्त तुलाच माहीत आहे. आवडाबाई घरी पोचल्या तेव्हा नात सासरी गेलेली. एकवीस दिवस राहून परवा वेळेवर हजर झाल्या.

आज शिवणखोली पुन्हा त्यांच्याकडे दिली. मी सगळ्या बायकांसमोर त्यांची माफी मागितली. मग मी नवीन नियम सांगितला, की रोज खोली बंद करताना पहिली झडती अधिकाऱ्याची, आणि ती शिवणखोली सांभाळणारी बाई घेईल. साहेबांची परवानगी काढलीय. मी हात वर केले आणि उभी राहिले. सगळ्या बायका बघत होत्या.

आवडाबाईंनी कॉलर उलटी केली, घडी बोटांनी चाचपली, खांदे, खिसे, बाह्या. अगदी सावकाश, तू सांगायचीस तसं. छातीवरच्या बटणाशी हात थांबला. म्हणाल्या, मॅडम, हे बटण ढिलं झालंय. वाटलं, आता दोरा धरायला सांगतील.

त्या पुढच्या खिशाकडे गेल्या. मग सुया मोजल्या. चोवीस भरल्या.

रविवारी येते. बटण तूच लाव, घरी. येईपर्यंत मला मनातून काढू नकोस.

तुझी
समी