बधिर गाल

४ तारीख, सोमवार
धाकट्या बहिणीच्या घरी सुखरूप पोचले. खोली हवेशीर, देवासाठी कोनाडाही करून ठेवलाय पठ्ठीने. हॉस्पिटल चालत जाण्यासारखं, म्हणजे रिक्षा वाचली. उजव्या गालातल्या नसेने किती वर्षं छळलं! वारा लागला, घास चावला की सुरी खुपसल्यासारखं. गोळ्यांनी आता नुसती झोप येते. डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या. कानामागे कवटी उघडून नसेवर टेकलेली रक्तवाहिनी बाजूला सारायची; गाल शाबूत राहतो. नाहीतर गालातून सुई घालून नस जाळायची. कळ जाते, पण गाल बधिर होतो. मी सुई म्हटलं. स्वस्त, शिवाय संध्याकाळी घरी. बाईंनी बजावलं, नंतर मुंग्या येतील, हात लावायचा नाही. मी शब्द दिला. धाकटी म्हणाली, बरं झालं, ताईची कवटी उघडली असती तर साठवलेली सगळी चिल्लर सांडली असती. हसू आलं, आणि हसताना कळ.

९ तारीख, शनिवार
सुई झाली. कळ गेली! देवाने ऐकलं. पोटभर चावून जेवले. गाल मात्र परक्याचा वाटतो, चिमटा काढला तरी कळत नाही.

१५ तारीख, शुक्रवार
जप करून डोळे उघडले तर मांडीवर रक्त. नाकपुडीला खळगा पडलाय. दुखलं मुळीच नाही. घरात उंदीर असावा. पिंजरा लावला. आत मुंग्या चालतात, पण शब्द दिलाय.

२२ तारीख, शुक्रवार
नाकपुडी अर्धी गेली. पिंजरा रिकामा. आज डाव्या हातात सुरी घेऊनच जपाला बसले. गालाशी काहीतरी वळवळलं तसा डोळे मिटूनच वार केला. माझाच उजवा हात. दोन बोटं हाडापर्यंत कापली. आणि नखांत मांस — गालाचं —

२४ तारीख, रविवार
धाकटी रडत म्हणाली, "ताई, तूच कुरतडतेस गं. डोळे मिटलेस की तुझा हात वर जातो." बाई म्हणाल्या, मेलेली नस अशीच फसवते, आता जपलं नाही तर डोळा जाईल. उजवा हात खाटेला बांधलाय. डावा लिहिण्यापुरता मोकळा मागून घेतला.

२५, सोमवार
मुंग्या डोळ्यात शिरल्या. देवा, थोडं दुखू दे — ती कळ परत दे — धाकटी औषध आणायला गेलीय. हात लावणार नाही. शब्द म्हणजे शब्द. बोट नाही, नख नाही. पेनाचं टोक किती बारीक — फक्त एकदा, पापणीच्या आत, इथे —