तापाचा कोश

८ जून १९०३, ग्रोसेतो
शाळा संपली. आजपासून कोश. आपल्या या तापाला युरोपात कोण काय म्हणतं, सगळं एका ठिकाणी. सात भाषा, पंधरा दिवस. फार तर अठरा. बायको, अर्जिया, म्हणते, सगळं गाव उन्हाळ्यासाठी डोंगरावर चाललंय, आपणही स्कान्सानोला तिच्या बहिणीकडे जाऊ. म्हटलं, कोश झाला की लगेच. पुस्तकांच्या पेट्या खेचरावर लादायच्या म्हणजे काय चेष्टा आहे?

२५ जून
इटालियन झाली. आपलाच शब्द खरा: मालारिआ, खराब हवा. फ्रेंच लोक दलदलीला दोष देतात. देऊ देत. डॉक्टर फाल्कीनी येऊन गेला, कालचं पोर! म्हणे हवेचा दोष नाही, डासांचा. खिडक्यांना जाळी लावा, कोयनेलच्या गोळ्या घ्या. मी विचारलं, शेकडो वर्षं लोक हवा म्हणत आले ते काय खुळे होते? टोपी उचलून निघून गेला. पटलं असावं.

४ जुलै
सूर्य मावळायच्या आत खिडक्या घट्ट बंद. घरात डास फार. पण हवा तर आत येत नाही, झालं मग. अर्जियाने पुन्हा डोंगराचं काढलं. रविवारी नक्की.

५ जुलै, रविवार
गाडीवान आला होता. परत पाठवला. जर्मन अर्धी राहिलीय. त्यांचा शब्द आलटून-पालटून येणारा ताप. शिस्तीची माणसं, तापालाही वेळापत्रक.

१९ जुलै
अर्जियाला हुडहुडी भरली. दमली असेल. सहा भाषा झाल्या.

२१ जुलै
पुन्हा भरली, बरोबर एक दिवसाआड. स्पॅनिश लोक याला तिसऱ्या दिवसाचा ताप म्हणतात, ते तंतोतंत जुळलं. मी उठून तिला सांगायला गेलो. ती म्हणाली, "अहो, मला डोंगरावर न्या."

२ ऑगस्ट, स्कान्सानो
आणलं. कोयनेलही सुरू केलं. फार उशीर झालेला नाही, असं माझं मत. मेहुणी ओर्सोला मला वाढते, पण बोलत नाही. इथली हवा उत्तम. आठ दिवसांत अर्जिया हिंडू-फिरू लागेल.

९ ऑगस्ट
अर्जिया सकाळी गेली. नोंदणीच्या कारकुनाने विचारलं, "कशाने गेल्या, मास्तर?" माझ्या तोंडून एक शब्द फुटेना. ओर्सोलाच म्हणाली, "भावोजींनी आणायला उशीर केला." कारकुनाने रकान्यात नुसतं ताप असं लिहिलं. मी खाली सही केली.