चार सांगितलं, ते आठ होतं

प्रिय सिस्टर,

दुखण्यावरच्या नव्या गोळीच्या चाचणीतली तुमची सतरा नंबरची पेशंट लिहितेय. दर सोमवारी तुम्ही विचारता, "शून्य ते दहा, आज कंबर किती दुखतेय?" गेले सहा आठवडे मी चार सांगतेय. खरं म्हणजे आठ. पहिल्या दिवशी होतं तेवढंच.

लबाडी करायची नव्हती हो. कंबर दुखायला लागल्यापासून घरी नऊ वर्षं सगळे "आज बरं आहे ना?" असंच विचारतात आणि मी हो म्हणते, नाहीतर त्यांचे चेहरे पडतात. पहिल्यांदा चार म्हटलं तेव्हा तुम्हीही इतक्या हसलात, की पुढे आठ म्हणायचा धीरच झाला नाही.

पण बाहेर शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या, याच चाचणीतल्या, खांदा दुखणाऱ्या बाईंनाही मी "पुष्कळ गुण आहे" म्हणून बसले. आज त्या जिन्यात चक्कर येऊन मटकन खाली बसल्या. गोळी घेतल्यापासून रोजच होतं म्हणे.

"अहो, मग सिस्टरना सांगा, सोडा ती गोळी!"

"तुम्हाला गुण आला ना? मग मीपण नेट धरते. सांगू नका हं त्यांना."

तिथून आत आले आणि तुम्हाला पुन्हा चारच सांगितलं.

हे पत्र तुमच्या टेबलावर ठेवून निघून जाणार होते, म्हणजे तुमचा चेहरा बघावा लागला नसता. पण तीच तर माझी खोड. उद्या सोमवार नाही, तरी त्या बाईंना घेऊन येते आणि पत्र तुमच्या हातातच देते. तुम्ही विचारा. मी तुमच्याकडे बघून आठ म्हणेन.

तुमची,
सतरा नंबर