मावशीची सही

झेन्सव्हिल, ओहायो
९ एप्रिल २०१०

चि. कोरिनला,
आर्डिथ मावशीचे अ. आ. वि.

तुझा कर्जाचा कागद पोचला. फोनवर तू रडतेस नि मी ओरडते, म्हणून लिहिते आहे.

माणसाचं डोकं कसं चालतं याची पदवी असते, हे मला नवीनच. वाचनालयातल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यात मेंदू, भाषा, कॉम्प्युटर, तत्त्वज्ञान सगळं थोडंथोडं असतं. मी म्हटलं, आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात याला शुक्रवारचं जेवण म्हणतात. आठवडाभराचं उरलेलं एका भांड्यात!

चेष्टा सोड. हाच विषय इथे कोलंबसच्या सरकारी विद्यापीठात आहे, आणि तिथे वीस हजार डॉलरच्या कर्जात भागतं. मग बॉस्टनला अठ्ठावन्न हजार कशाला? तुझ्या बापाचं नाव बँक ऐकूनही घेत नाही, म्हणून सही माझी हवी. तू फेडलं नाहीस तर मी फेडायचं, असं बारीक अक्षरात लिहिलंय. तुझी आई असती तर तिनेही हेच विचारलं असतं. नीट विचार कर. माझी मार्ली दहा वर्षांची झाली, तुझ्यासारखे केस कापून घेतलेत.

तुझी,
आर्डिथ मावशी


क्लीव्हलंड
१८ एप्रिल २०१०

ती. आर्डिथ मावशीस,
कोरिनचा सा. न.

मावशी, मी आकडे मांडूनच बोलते आहे. कॉलेजच्या पुस्तिकेत छापलंय की या विषयाच्या पदवीधरांना पदवीनंतर चार वर्षांत वर्षाला सरासरी अडुसष्ट हजार पगार मिळतो. कोलंबसवाल्यांना सेहेचाळीस. वरचे बावीस हजार दरसाल कर्जात टाकले तर तीन वर्षांत मी मोकळी. स्वस्त तेच महाग पडतं, ते असं.

राग मानू नकोस, पण वीस वर्षं पोरांना बटाटे वाढून जग जेवढं दिसतं, तेवढंच तुला दिसतं. आई गेली तेव्हा तूच म्हणाली होतीस की कोरिनसाठी काही मागेपुढे पाहणार नाही. आता बघू नकोस. सही कर. मार्लीला गोड पापा.

तुझीच लाडकी,
कोरिन


झेन्सव्हिल
२ मे २०१०

चि. कोरिनला, अ. आ.

सही केली आहे. बटाट्यांचं लक्षात ठेवलंय.

आर्डिथ मावशी


बॉस्टन
१४ नोव्हेंबर २०१५

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

बँकेचं पत्र तुझ्याकडे आलं असेल. चार हप्ते थकलेत. तुला सांगायची हिंमत झाली नाही.

मी तुला संशोधन केंद्रात आहे म्हणून सांगितलं होतं. तशा जागांना पुढची पदवी लागते, आणि त्या पदवीला पुन्हा कर्ज. मी आमच्याच कॉलेजच्या फोनखोलीत बसते. बारावीच्या मुलांना फोन करून प्रवेश घ्यायला लावायचं, हे काम. मुलं बिचकली की काय बोलायचं ते आम्हाला लिहून दिलंय. त्यात ते अडुसष्ट हजार आहेत. मी दिवसातून चाळीस वेळा म्हणते.

तो आकडा कसा निघाला तेही इथेच कळलं. एकतीस जणांना पगार विचारला होता, नऊ जणांनी कळवला. नऊही कॅलिफोर्नियात, कॉम्प्युटर कंपन्यांत. बाकीचे गप्प बसले. यंदा मलाही तो कागद आला. मी भरला नाही, लाज वाटली.

हातात महिना एकोणीसशे येतात. खोलीचं भाडं नऊशे, हप्ता सातशे तीस. तू रागावशील, पण बोल. गप्प राहू नकोस.

तुझी,
कोरिन


झेन्सव्हिल
२१ नोव्हेंबर २०१५

कोरिन,

जे बोलले नाहीत त्यांना मोजायचं असतं, हे शिकायला तू चार वर्षं नि अठ्ठावन्न हजार घातलेस. मी रोज दुपारी परत न आलेली ताटं आधी मोजते, मग आलेली. बटाटे वाढणाऱ्या बाईलाही तेवढं कळतं.

आणि हे कळल्यावरही तू त्या फोनखोलीत बसतेस? त्या पोरांच्याही कुणीतरी मावश्या असतील.

आर्डिथ


झेन्सव्हिल
६ जून २०१७

कोरिन,

तुझी तीन पत्रं आली. फोडली नाहीत. हे लिहिते आहे ते मार्लीने हट्ट धरला म्हणून.

कोर्टाचा हुकूम झाल्यापासून तुझ्या थकलेल्या कर्जापोटी माझ्या पगाराचा चौथा हिस्सा परस्पर कापला जातो. निवृत्ती लांबली. ते मी सोसलं असतं. मार्लीला नर्स व्हायचं होतं. इथलंच कॉलेज, घरून जाऊन-येऊन. निम्मी फी सरकारी कर्जातून भागत होती, उरलेल्या अकरा हजारांना जामीन हवा होता. मी चांगले कपडे घालून बँकेत गेले. समोरचा पोरगा भला होता. त्याने पडद्यावर माझं नाव पाहिलं आणि हळूच म्हणाला, बाई, तुमची सही आता चालत नाही. मार्ली शेजारीच बसली होती.

सोमवारपासून ती हमरस्त्याकडेच्या गोदामात खोकी भरायला जाते. नर्सिंगची जागा दुसऱ्या मुलीला गेली. पुढच्या वर्षी बघू, असं ती म्हणते. मीही मान हलवते.

ती तुझ्यावर रागावलेली नाही, असं कळवायला तिने सांगितलंय. तिने सांगितलं म्हणून लिहिलं. माझं विचारू नकोस.

आर्डिथ